पर्यावरण वाचवण्यात धर्मगुरूंचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो, पण प्रवचनातून कमी आणि विधी सांगताना जास्त.

पुण्यातलंच बघा. प्लास्टरची मूर्ती नदीत विरघळत नाही, हे महापालिका दरवर्षी सांगते, हौदही ठेवते. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) तर घरच्या घरी बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती विरघळवायची पद्धत काढली. उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. तरी घरातलं वडीलधारं माणूस अडून बसतं: "बादलीत बाप्पा? देवाला चालेल का?" इथे शास्त्रज्ञाचा इलाज चालत नाही. गुरुजी मात्र एका दमात सांगतात, "उत्तरपूजा करून अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून हलवली, की देवत्व गेलं. पुढे हौद काय नि बादली काय!" विषय संपला.

मर्यादाही आहेतच. आळंदीला इंद्रायणी फेसाळते ती वरच्या भागातल्या सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या रसायनांनी. ते काही कीर्तनाने थांबायचं नाही, तिथे प्रक्रिया केंद्रं आणि कारवाईच हवी. महाराजमंडळींनी त्यासाठी आवाज उठवला तर पुढारी ऐकतात, हे मात्र खरं. वारकऱ्यांना दुखवायला कुणीच धजत नाही.