केसापेक्षा बारीक खांब आणि पंचवीस ग्रॅमचा उंदीर

प्रश्न: एकाच आठवड्यात दोन बातम्या वाचल्या. एकीत लिहिलंय लॅबमध्ये असा मिश्रधातू बनवला की नेहमीच्या धातूच्या कितीतरी पट मजबूत, आणि दुसरीत कमी खाल्लं की किडनी वाचते हे प्रयोगात दिसलं. असं मी गेली वीस वर्षं वाचतोय, पण ना तो धातू कधी हातात आला ना डॉक्टरने कधी असं सांगितलं. हे लोक फेकतात का? – एक वैतागलेला वाचक

उत्तर: फेकत नाहीत हो, बहुतेक वेळा जे मोजलंय ते खरंच असतं, फक्त मोजलं कशावर हे बातमीत शेवटच्या ओळीत असतं किंवा नसतंच. मी अशी बातमी आली की आधी सॅम्पल केवढं होतं ते बघतो, मग बाकीचं.

आधी धातूचं बघू. १९२६ मध्ये फ्रेंकेल नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हिशोब मांडला की अणूंच्या रांगा एकदम दुसऱ्या रांगांवरून सरकवायच्या तर किती जोर लागेल, आणि उत्तर आलं ते प्रत्यक्षात मऊ धातू वाकवायला लागतो त्याच्या हजारो पट. म्हणजे प्रश्न उलटाच निघाला, धातू मजबूत कसा करायचा हे राहूदे, तो मुळात इतका लेचापेचा का? ह्याचं उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी ह्या तिघांनी वेगवेगळं बसून दिलं. स्फटिकात अणूंच्या रांगांमध्ये चुका असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. सुरवंट कसा सगळं अंग एकदम न उचलता एक कुबड पुढे सरकवत चालतो, तशी ही चूक धातूमधून सरकत जाते आणि धातू वाकतो. त्यामुळे धातू मजबूत करायचा म्हणजे ह्या सुरवंटाच्या वाटेत काहीतरी आडवं टाकायचं, गेली नव्वद वर्षं सगळे तेच करतायत. दुसऱ्या धातूचे अणू घाला, ठोकून ठोकून सुरवंटांचीच गर्दी करा म्हणजे ते एकमेकांत अडकतील, नाहीतर ग्रेन, म्हणजे धातू ज्या छोट्या छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो ते, बारीक करा कारण प्रत्येक ग्रेनची हद्द ही भिंतच असते (हॉल आणि पेच ह्यांनी १९५१ ते ५३ मध्ये दाखवलं की ग्रेन जितका बारीक तितकी ताकद जास्त, पण दहाएक नॅनोमीटरच्या खाली गेलं की गाडी उलटी फिरते).

आता तुमच्या बातमीतली गंमत. २००४ मध्ये निकेलचे केसापेक्षा बारीक, काही मायक्रॉन जाडीचे खांब कोरून दाबून बघितले तर जितका खांब बारीक तितका तो मजबूत निघाला, धातू तोच! कारण इतक्या छोट्या तुकड्यात सुरवंट फारसे नसतातच आणि नवे जन्माला यायला जागा पण नसते. त्यामुळे अशा तुकड्यावर मोजलेला आकडा शंभर टक्के खरा असला तरी त्यावरून पुलाचा गर्डर तेवढा मजबूत होईल असं म्हणता येत नाही. आणि मोठा तुकडा बनवला तरी दुसरी कटकट असतेच, ताकद वाढली की ताणण्याची तयारी कमी होते, माल ठिसूळ होतो. ह्याला अपवाद मिळतात तेव्हा खरंच बातमी होते, जसं क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल पाचही सारख्या प्रमाणात घेऊन केलेला मिश्रधातू, २०१४ मध्ये तो उणे १९६ डिग्रीला तपासला तर ताकद आणि ताणण्याची तयारी दोन्ही वाढलेली सापडली. पण कोबाल्ट महाग, त्यामुळे खिडकीच्या गजाला तो लागणार नाहीये.

आता किडनी. इथे खांबाच्या जागी उंदीर आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी उंदरांना तीन दिवस नुसत्या पाण्यावर किंवा दोन ते चार आठवडे ३० टक्के कमी खाण्यावर ठेवलं आणि मग किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद करून परत चालू केला. ट्रान्सप्लांटमध्ये हेच होतं, रक्त परत आलं की ऑक्सिजनचा लोंढा पेशींना उलट जास्त इजा करतो. कमी खाल्लेल्या उंदरांच्या किडन्या बऱ्याच चांगल्या तगल्या. २०१५ मध्ये हार्वर्डमधल्या लोकांनी पुढे शोधलं की ह्यात कॅलरीपेक्षा प्रोटीनमधले मेथिओनिन आणि सिस्टीन हे दोन घटक कमी पडणं महत्त्वाचं, ते कमी पडले की शरीर स्वतःच हायड्रोजन सल्फाइड थोडं जास्त बनवतं, हो तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, आणि तो पेशींना सांभाळतो. ते घटक खाण्यात परत घातले की फायदा गायब. मला हे काम फार आवडतं कारण नुसतं काय झालं एवढ्यावर न थांबता कशामुळे झालं तिथपर्यंत ते गेले.

पण उंदीर पंचवीस ग्रॅमचा. त्याचं शरीर ग्रॅममागे माणसाच्या साधारण सातपट वेगाने जळतं, त्यामुळे त्याचे तीन दिवस म्हणजे तुमचे तीन दिवस नव्हेत, तेवढ्यात तो अर्धमेला होतो. माकडांवर गेलं की चित्र लगेच धूसर होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माकडांना कमी खाऊन फायदा झाला असं २००९ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्याच दुसऱ्या सरकारी संस्थेने सांगितलं की आमची माकडं काही जास्त जगली नाहीत. बारकाईने बघितलं तर विस्कॉन्सिनची पोटभर खाणारी माकडं साखरवालं खाणं खात होती, म्हणजे तुलनाच वेगळी! माणसांवर दोन वर्षांचा कॅलरी (CALERIE) नावाचा प्रयोग झाला, ठरलं होतं २५ टक्के कमी खायचं, जमलं साधारण १२. ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल सुधारलं पण हाडांची घनता पण थोडी घटली. धातूसारखंच झालं, एकीकडे मिळालं तर दुसरीकडे गेलं.

प्रश्न: मी हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे. ६०६१ ऍल्युमिनियमची एक बॅच भट्टीत जास्त वेळ राहिली आणि तापमान पण चढलं, हार्डनेस कमी भरला. जास्त भाजलं की जास्त कडक व्हायला पाहिजे ना? – भट्टीवाला

उत्तर: नाही दादा, ह्याला ओव्हरएजिंग म्हणतात, म्हणजे एजिंग (धातूला वेळ देऊन कडक होऊ देणं) प्रमाणाबाहेर झालं. एजिंगचा हा सगळा प्रकार सापडला तोच अपघाताने, १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म जर्मनीत तांबं मिसळलेल्या ऍल्युमिनियमला पोलादासारखं तापवून पाण्यात बुडवून कडक करायला बघत होता, शनिवारी मोजलं तर फार काही नाही, सोमवारी उरलेले तुकडे मोजले तर कडक झालेले! आपोआप, नुसते पडून राहून. का ते कळायला १९३८ उजाडलं, गिनिए आणि प्रेस्टन ह्यांनी एक्स-रे लावून दाखवलं की आत विरघळलेल्या तांब्याचे अतिशय बारीक पुंजके जमतात आणि तेच वर सांगितलेल्या सुरवंटाच्या (डिसलोकेशनच्या) वाटेत आडवे येतात. तुमच्या ६०६१ मध्ये तांब्याऐवजी मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन हे काम करतात. वेळ किंवा तापमान जास्त झालं की छोटे पुंजके विरघळून मोठ्यांना जाऊन मिळतात, पुंजके कमी आणि मधलं अंतर जास्त, मग सुरवंट मधून वाकून निघून जातो.

माल बहुतेक वाचेल. परत साधारण ५३० डिग्रीला सोल्युशन करा म्हणजे पुंजके परत विरघळतील, भट्टीतून पाण्यात जायला उशीर करू नका, आणि मग १७५ ला आठ तास. फक्त बुडवताना पातळ जॉब वाकतात, फायनल मशीनिंग झालं असेल तर मापं हातातून जातील, तेव्हा आधी एकच तुकडा करून बघा.

प्रश्न: आईचं मोठं ऑपरेशन ठरलंय. ते किडनीचं वाचून मी तिला आधी आठवडाभर कमी खायला देऊ का? – मुलगी

उत्तर: अजिबात नको ताई. रॉटरडॅमलाच किडनी देणाऱ्या धडधाकट माणसांवर ऑपरेशनआधी पाच दिवस कमी कॅलरी आणि अगदी कमी प्रोटीन देऊन बघितलंय, पण ते निवडलेले निरोगी दाते होते आणि रोज लक्ष ठेवणारे लोक होते. वय झालेल्या किंवा वजन उतरलेल्या पेशंटला तर डॉक्टर उलट ऑपरेशनआधी प्रोटीन वाढवायला सांगतात, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो. डायबेटिस असेल आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कमी खाल्ल्याने शुगर धाडकन उतरते. आणि फळं-भाज्या वाढवणारा डॅश आहार, जो १९९७ मध्ये खरोखर माणसांवर तपासला आणि ब्लडप्रेशर उतरलं, तो सुद्धा किडनी आधीच कमजोर असेल तर न विचारता सुरू करू नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आईचे रिपोर्ट घेऊन सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरना विचारा, किती तास आधीपासून उपाशी राहायचं ते पण तेच सांगतील.