अंधाराला शिंगं काढू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं चंद्राचं पुस्तक वाचून झालं. चित्रं देखणी आहेत, पण तिसऱ्या पानावरच्या अंधाराला शिंगं नि सुळे कशाला? चंद्र तलवार घेऊन येतो आणि त्याला पळवून लावतो. मारामारी आली की मुलं खूश होतात, हे खरं. पण पुस्तक मिटल्यावर त्याच पोराला मागल्या पडवीतून न्हाणीघराकडे एकट्यानं जायचं असतं.

सुरुवातीला तू 'तमसो मा ज्योतिर्गमय' घातलंयस. बृहदारण्यक उपनिषदानं त्याचा अर्थ तिथल्या तिथेच दिलाय: तम म्हणजे मृत्यू, ज्योती म्हणजे अमृत. दिवेलागणीनंतरच्या काळोखाशी त्याचा संबंध नाही. तो काळोख हवा असेल तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 127वं सूक्त काढ. आठच ऋचा आहेत. त्यात रात्र ही द्युलोकाची लेक. असंख्य डोळ्यांनी बघत ती येते आणि स्वतःच्याच तेजानं अंधार हटवते. चंद्राचं नावसुद्धा नाही! गावं विसावतात, पाखरं झाडावर परततात, शिकारी ससाणाही थांबतो. मग माणूस तिला विनवतो, लांडगा-लांडगी आणि चोर तेवढे लांब ठेव. पुढे काळोख अगदी अंगाशी आल्याची तक्रारही आहे, पण ती उषेकडे: कर्ज फेडावं तसा हा फेडून टाक. तक्रार आहे, युद्ध नाही. तुझ्या तिसऱ्या पानाला एवढं पुरे.

बायबलात तर प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य-चंद्र चौथ्या. मग मधले दिवस उजेड कुठून होता, असं चुणचुणीत पोर विचारणारच. अशा फटी बुजवू नकोस. आपल्याकडे भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र बघायचा नाही, बघितला तर स्यमंतक मण्यावरून कृष्णावर आला तसा चोरीचा आळ येतो. आणि संकष्टीला तोच चंद्र उगवेपर्यंत आजी उपाशी. याला पानभर जागा दे.

आता चुका. तुझ्या देवगडात पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर येतोय. समुद्रमंथनातून निघाला म्हणून तसा काढला असशील, पण आपला समुद्र पश्चिमेला. चंद्र सह्याद्रीकडून उगवतो आणि पहाटे पाण्यात उतरतो. मध्यरात्रीच्या आकाशात तू बारीक कोर टांगलीयस, तीही नको. शुक्लपक्षातली कोर सूर्यामागोमाग मावळते. म्हणून तर ईदचा चाँद बघायला बंदरावरची मुसलमान मंडळी सूर्यास्ताला पश्चिमेकडे डोळे लावतात.

आणि अष्टमीला उधाण? कुणा दर्यावर्द्याच्या पोरानं हे वाचलं तर हसून पुस्तक ठेवून देईल. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. अष्टमीला भांगाची भरती, बेताचीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानानं निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब गोष्टीतल्या आजोबांच्या तोंडी घाल, मुलं बोटं मोजत बसतील. (समासात 'माहितीचा चौकोन' करू नकोस. मला त्या चौकोनांचा कंटाळा आहे.)

शेवटच्या पानावर पौर्णिमा नको, थंडीतली अमावास्या घे. पावसाळा सरल्यावर समुद्रात चमकणारे सूक्ष्म जीव वाढले की फुटणारी लाट निळी पेटते, पाण्यात हात फिरवला तरी बोटांभोवती उजेड होतो. चांदणं असलं की ते फिकं पडतं. चंद्राच्या पुस्तकात चंद्राला सुट्टी दिलेलं एक पान असू दे. निळ्यात पांढरा कमी मिसळ, मागचा कागद काळाच ठेव.

कच्ची चित्रं गणपतीआधी पाठव. नंतर घरात पाहुणे, मला सवड मिळायची नाही.

तुझा,
काका