महिन्याऐवजी 28 दिवसांचे रोस्टर: वैमानिकाच्या सुट्ट्या वाढतात की घटतात?

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा मुंबईत एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. पूर्वी त्याचे रोस्टर, म्हणजे ड्यूटी आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक, एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असे आणि त्यात 8 सुट्ट्या मिळत. 1 जानेवारी 2026 पासून कंपनीने 28 दिवसांचे रोस्टर सुरू केले आणि सुट्ट्या प्रत्येक रोस्टरला 8च ठेवल्या. कंपनी म्हणते सुट्ट्या वाढल्या. मुलगा म्हणतो, घरी यायला पूर्वीइतकाही वेळ मिळत नाही. यात खरे काय? आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, त्यासाठी त्याला येता येईल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : कंपनीचा हिशेब बरोबर आहे आणि आपल्या मुलाची तक्रारही खोटी नाही. महिन्याला 8 या दराने वर्षात 96 सुट्ट्या होत असत; 28 दिवसांची 13 रोस्टरे होतात, म्हणजे आता 104. मात्र पुढेमागे प्रत्येक रोस्टरच्या सुट्ट्या 8 वरून 7 केल्या, तर वर्षाचा आकडा 91 वर, म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षाही खाली येईल. असा बदल कागदावर एकाच दिवसाचा दिसतो, म्हणून करारातील हा आकडा दरवर्षी तपासून पाहावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

आता घरी येण्याविषयी. कायदा वैमानिकाला सुट्टीचे दिवस मोजून देत नाही, विश्रांतीचे तास देतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 मध्ये नियम बदलून साप्ताहिक विश्रांती सलग 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि 1 जुलै 2025 पासून ती लागू झाली. या 48 तासांत दोन स्थानिक रात्री, म्हणजे त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे येणाऱ्या रात्री, याव्या लागतात आणि दोन साप्ताहिक विश्रांतींमध्ये 168 तासांपेक्षा अधिक अंतर चालत नाही. ही मोजणी अखंड चालते. रोस्टर संपले म्हणून ती पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही, आणि हे संरक्षण मोलाचे आहे. पण गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ड्यूटीतून सुटलेल्या वैमानिकाला शनिवारी संध्याकाळी सहाला पुन्हा हजर व्हायला सांगितले, तरी नियम पाळला जातो. तो गुरुवारी रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कणकवलीला उतरणार, एसटीने देवगडला पोहोचणार आणि शुक्रवारी रात्रीच परतीच्या गाडीत बसणार. दोन रात्री मिळाल्या, पण दोन्ही प्रवासात गेल्या. म्हणून कंपनीला विचारण्याचा पहिला प्रश्न असा की, रोस्टरमधील 8 सुट्ट्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतच्या पूर्ण तारखा आहेत, की साप्ताहिक विश्रांतीचे तासच सुट्टी म्हणून मांडले आहेत.

गणपतीचा प्रश्न रोस्टरच्या सीमेशी निगडित आहे. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती. महिन्याचे रोस्टर असल्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या सुट्ट्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या सुट्ट्या एकमेकांना जोडून मागता येत होत्या, म्हणजे दोन रोस्टरांच्या वाट्यातून एकच लांब मुक्काम साधता येत होता. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. 1 जानेवारीपासून 28-28 दिवस मोजत गेल्यास दहावे रोस्टर 10 सप्टेंबर ते 7 ऑक्टोबर असे येते आणि आपला संपूर्ण गणपती त्याच्याच पोटात बसतो. 14 ते 18 सप्टेंबर या पाच सुट्ट्या सलग मिळाल्या, तर उरलेल्या 23 दिवसांसाठी तीनच राहतात. हे नियमात बसू शकते, कारण साप्ताहिक विश्रांती स्वतंत्रपणे द्यावीच लागते; पण शरीराला ते जड जाते, आणि रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्याला तर अधिकच. शिवाय प्रवासाचे दिवस धरले, तर पाच सुट्ट्याही पुरत नाहीत.

त्यामुळे माझा सल्ला असा की, गणपतीसाठी रोस्टरच्या सुट्ट्यांवर विसंबू नये, वार्षिक रजाच मागावी. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. 12 सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण जुलैच्या मध्यावरच सुरू होईल, तेव्हा सप्टेंबरचे रोस्टर हातात असण्याची शक्यता फार कमी आहे. रजा मंजूर असेल, तर तिकीट निर्धास्तपणे काढता येते.

रजेचा अर्ज करताना एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी. रजा साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरू नये, अशी तरतूद महासंचालनालयाने केली होती. डिसेंबर 2025 मध्ये देशभर विमाने मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा 5 डिसेंबरला ती मागे घेण्यात आली. म्हणून रजेच्या आठवड्यातली साप्ताहिक विश्रांती कंपनी रजेतच जिरवते की रजेला जोडून वेगळी देते, आणि त्या रजेमुळे त्या रोस्टरच्या 8 सुट्ट्या प्रमाणात कमी करते का, हे रोस्टर विभागाकडून ईमेलवर घ्यावे. मुलाने हा अर्ज जूनमध्येच टाकावा. मुंबईच्या वैमानिकांत कोकणातली मुलेही आहेत आणि त्या आठवड्यासाठी सर्वांचेच अर्ज येतात.

13 रोस्टरे 30 डिसेंबरला संपतात. 31 डिसेंबरचा उरलेला एक दिवस कोणत्या रोस्टरमध्ये धरला जाणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाकावे.