स्मृती-शिष्यवृत्ती द्यायची असेल, तर पहिल्या क्रमांकाची अट नको

ताई, आपल्या आईंच्या स्मरणार्थ साताऱ्यातील एखाद्या महाविद्यालयात तीन लाख रुपये ठेवावेत आणि त्यातून प्रतिकूल परिस्थितीत शिकणाऱ्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाला दर वर्षी शिष्यवृत्ती द्यावी, असा आपला विचार आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केलेला आणि काही वर्षे निवड समितीत बसलेला माणूस म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की पहिल्या क्रमांकाची अट काढून टाकावी.

आमच्या समितीत अर्ज गुणांच्या क्रमाने लावले जात आणि वरचे चार-पाचच वाचले जात. एका वर्षी निकाल लागल्यानंतर फाइल लावताना नववा अर्ज माझ्या हाती आला. माण तालुक्यातली मुलगी, गुण ६१ टक्के. दुपारी ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हर घालायची, संध्याकाळी शिकवण्या घ्यायची. अर्जात ‘घरातील कमावती व्यक्ती’ या रकान्यात तिने स्वतःचेच नाव लिहिले होते. तो रकाना आमच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता, याची खंत मला आजही आहे. जो विद्यार्थी रोज चार-पाच तास राबतो, त्याचे गुण त्या तासांइतके कमी होणारच. म्हणून सर्व विषयांत उत्तीर्ण असणे आणि हजेरी नीट असणे एवढेच पुरेसे मानावे, आणि पुढची निवड परिस्थिती पाहून, विद्यार्थ्याशी व त्याच्या वर्गशिक्षकांशी बोलून करावी.

रकमेविषयी. तीन लाख कायम निधी म्हणून मुदत ठेवीत राहिले आणि व्याज सात टक्के धरले, तर वर्षाला २१,००० रुपये येतील. ते दहा जणांत वाटण्याचा आग्रह संस्था धरतात, कारण यादी मोठी दिसते. पण २,१०० रुपयांत एका महिन्याची मेससुद्धा भागत नाही. एकालाच द्या, आणि तो उत्तीर्ण होत राहिला तर पदवी पूर्ण होईपर्यंत त्यालाच द्या. पुढच्या वर्षीचे नक्की आहे, हे ठाऊक असलेला मुलगा शिक्षण अर्धवट सोडण्याचा विचार सहसा करत नाही.

वेळ तर रकमेइतकीच महत्त्वाची आहे. बक्षीस समारंभ बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतो, तर प्रवेश शुल्क, वसतिगृहाची अनामत, एस.टी.चा पास हे सारे जुलै-ऑगस्टमध्ये समोर उभे राहते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा होईपर्यंत बऱ्याचदा वर्ष सरत आलेले असते. त्यामुळे निम्मी रक्कम प्रवेशाच्या वेळीच थेट खात्यात जावी, आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळते म्हणून कोणाला अपात्र ठरवू नये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरे. दुःखाचे पुरावे मागू नयेत.

आणि व्यासपीठावर त्या मुलाच्या घरची कहाणी वाचून दाखवू नये, ही अट तर लेखी घालावी. वडील गेल्याचे माइकवरून ऐकताना मान खाली घालून उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्यातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. आपल्या जिल्ह्यात मदत कशी करावी याचा धडा इतका जवळ आहे.

संस्थेशी करारपत्र करताना मूळ रकमेला हात लागणार नाही, निवड समितीत आपल्या घरचा एक जण असेल आणि दर वर्षी हिशेब मिळेल, एवढे लिहून घ्यावे. देणगीवरील आयकर सवलतीचा (८०जी पावतीचा) लाभ फक्त जुन्या करप्रणालीत मिळतो, हेही लक्षात असू द्यावे. त्या कागदांबरोबर आईंविषयी एक पानभर लिहून द्या: त्या कोणत्या गावच्या, किती शिकल्या, पुढे का शिकू शकल्या नाहीत. निवडपत्र देताना ते पान विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, असेही करारात घाला.