लॅबमध्ये टीएलएस १.३ दिसतच नाही? आधी फायरवॉल तपास

भाऊ, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. एमटेक, नागपूर, डिझर्टेशन टीएलएस १.३ वर (टीएलएस म्हणजे ब्राउझर अन् साइटमधलं बोलणं गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल), लॅबच्या पीसीवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं टूल) लावला की प्रत्येक साइट १.२ च दाखवते, अन् गाइड म्हणतात तुझंच सेटिंग चुकून राहिलं. हेच्या हेच मी भोगलंय म्हणून लांबलचक लिहितोय. वायरशार्क कसा लावायचा वगैरे तुला येतंच.

पहिले सर्व्हर हॅलोचं पॅकेट उघड, म्हणजे जोडणी सुरू होताना सर्व्हर देतो ते पहिलं उत्तर. वरच्या व्हर्जनच्या खान्यात हेक्समध्ये ०३०३ म्हणजे १.२ च दिसेल, ते १.३ मध्येही तसंच असतं, खरं व्हर्जन खाली सपोर्टेड व्हर्जन्स एक्स्टेन्शनमध्ये (मेसेजला जोडलेला जादा माहितीचा भाग) ०३०४ असं येतं. ते एक्स्टेन्शनच नसेल तर मग खरंच १.२ चाललंय, अन् माझा संशय सरळ मधल्या फायरवॉलवर आहे. काही कॅम्पसमध्ये फायरवॉल टीएलएस मधेच उघडून बघतो, साइटच्या जागी स्वतःचं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा दाखला) पुढे करतो, अन् लॅबच्या मशीनवर त्याचं रूट, म्हणजे ज्यावर ब्राउझर विश्वास ठेवतो ते मूळ सर्टिफिकेट, आधीच टाकलेलं असल्यामुळे ब्राउझर चूं करत नाही. म्हणजे तू कॅप्चर करतोय तो हँडशेक (जोडणी ठरवणारी सुरुवातीची देवाणघेवाण) त्या साइटचा नाहीच, फायरवॉलचा आहे. ओपनएसएसएल या टूलकिटच्या एस-क्लायंट कमांडने एकाच साइटचा इश्युअर (सर्टिफिकेट कोणी दिलं ते नाव) लॅबमधून बघ, मग मोबाईल हॉटस्पॉटवरून बघ. वेगळा आला की समजून जा, मधे फायरवॉल आहे.

माझ्या वेळी हे विचारायला नेटवर्क सांभाळणाऱ्या ऑफिसात गेलो (कोणतं ते लिहीत नाही) तर म्हणे असं काही होतच नाही, अर्ज द्या. अर्ज दिला तर एचओडींची सही आणा, सही आणली तर म्हणे हे आमच्याकडे नाही, वरच्या मजल्यावर जा, वरचे परत खाली पाठवत. एक ओळीचं उत्तर होतं हो, "आमचा फायरवॉल टीएलएस तपासतो", तेवढं कोणी लिहून दिलं नाही, अन् अख्खं सेमिस्टर त्याच्यात गेलं. रिव्ह्यूत सगळा डेटा बाद. आजही आठवलं की डोकं तापतं, कारण पोरगं अभ्यास करायला मागत होतं, चोरी नाही. अन् यातली खरी चीड ही की असल्या मधल्या डब्यांमुळेच (फायरवॉलसारखी यंत्रं, अनोळखी व्हर्जन दिसलं की जोडणी तोडणारी) १.३ ला १.२ चा वेश घ्यावा लागला. ते ०३०३ अन् १.२ मधून आलेला, १.३ मध्ये बिनकामाचा चेंज सायफर स्पेक मेसेज, दोन्ही त्यांच्याचसाठी आहेत. हा मुद्दा थिसिसमध्ये नक्की घे.

म्हणून माझं स्पष्ट मत, त्या ऑफिसच्या परवानगीची वाट पाहूच नको. आपल्या लॅपटॉपवर लिनक्सचे दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवर वेगळी केलेली दोन नेटवर्कं) बनव, एकात ओपनएसएसएलचाच एस-सर्व्हर, एकात एस-क्लायंट, की-लॉग फाइल (जोडणीच्या गुप्त किल्ल्या जिच्यात लिहिल्या जातात) वायरशार्कला दे, सगळा हँडशेक उघडा दिसतो. सर्व्हरची आरएसए की देऊन १.३ उघडत नाही, त्यात वेळ घालवू नको. दुसऱ्याच्या ट्रॅफिकला मात्र हात लावू नको, आयटी कायद्यात अडकशील.

वाचायचं तर टीएलएस १.३ चं अधिकृत मानक आरएफसी ८४४६ (२०१८), अन् त्याच्याहून कामाचं आरएफसी ८४४८, त्यात नमुन्याच्या हँडशेकच्या किल्ल्या बाइट-बाइट दिल्या आहेत. पायथॉनमध्ये की शेड्यूल (एका गुपितातून सगळ्या किल्ल्या काढायची रीत) स्वतः लिही अन् त्याच्याशी जुळव, जुळेपर्यंत सोडू नको. मला टीएलएस यानेच समजलं, सर्टिफिकेशनच्या क्लासने नाही. क्लासवाल्यांना राग येईल, पण एमटेकवाल्याने तिथे पैसे घालू नये असंच मी म्हणेन. सिम्युलेटरही नको, त्यात क्रिप्टो खरं चालत नाही, नुसते ग्राफ निघतात. वेळ उरला तर टॅमरिन किंवा प्रोव्हेरिफ बघ, प्रोटोकॉलमधले दोष आपोआप शोधणारी टूल आहेत. नीडहॅम-श्रोडर हा ओळख पटवायचा प्रोटोकॉल १९७८ चा, गॅव्हिन लोवे या संशोधकाने त्यातला हल्ला दाखवला १९९५ मध्ये, इतकी वर्षं कोणाला दिसला नाही, त्यावरून असल्या टूलचं महत्त्व कळतं.

मला पास होऊन बरीच वर्षं झाली, तुमच्या विद्यापीठाचे नियम बदलले असतील, तेव्हा गाइडला विचारूनच कर. अन् दोन्हीकडचा इश्युअर काय आला ते इथे टाक, रात्री बघतो.