हॅम्बुर्गला येण्याआधी त्या थकव्याचं बघ

तू विचारलंस, की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या नोकरीत वर्षभर सकाळी उठतानाच अंग गळून गेलेलं असतं, जर्मनीतल्या हॅम्बुर्गची ऑफर आली आहे, तिथं आठवड्याला ४० तासच काम, मग तिकडं गेल्यावर हे थांबेल का? भावा, काम कमी होईल. थकवा जाईलच असं नाही.

मी आलो तेव्हा माझंही गणित तुझ्यासारखंच होतं. शिरोली एमआयडीसीत बारा-बारा तास काढलेला माणूस, इथं साडेचारला सुटणार म्हटल्यावर वाटलं, सुटलो. पहिल्या डिसेंबरात कळलं. सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी चारला दिवस संपतो. ऑफिसात जाताना अंधार, येताना अंधार. शनिवारी दुपारी एकला पडदे ओढून झोपलो, जाग आली तेव्हा पुन्हा अंधारच. सकाळ की संध्याकाळ हे मोबाईल बघून ठरवलं.

तासांचं ओझं इथं नाही, डोक्याचं आहे. मीटिंग जर्मनमध्ये. पहिला तास कळतं, दुसऱ्या तासाला नुसती तोंडं हलताना दिसतात. दुपारी कॅन्टीनकडं जाताना जो भेटेल तो ‘मालत्साइट’ म्हणतो, म्हणजे जेवणाच्या वेळेचा रामराम. त्याला उलटं काय म्हणायचं याचाही मी आठवडाभर विचार करत होतो. (तेच म्हणायचं.) त्यात भाड्याचं घर, विम्याची पत्रं, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारी धावपळ. कोल्हापुरात यातलं निम्मं कुणीतरी ओळखीचा करून टाकतो, हे तिथं असताना लक्षातच येत नाही.

आणि फोन. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं. तिकडं सकाळी सातला तालमीच्या ग्रुपवर सुप्रभात सुरू होतं तेव्हा इथं रात्रीचे अडीच. वर्षभर मी उशाशी फोन ठेवून झोपलो, घरून काही निरोप आला तर म्हणून. आता तो स्वयंपाकघरात असतो. आईकडं शेजारच्या मित्राचा नंबर आहे आणि त्याच्याकडं माझ्या लँडलाइनचा. एवढ्यानंच झोप निम्मी सुधारली.

माझी खरी चूक वेगळी. पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, म्हणून ताप असला तरी गोळी खाऊन जायचो. आठव्या महिन्यात ट्रेनमध्ये डोळ्यांपुढं अंधारी आली आणि उतरायचं स्टेशन गेलं. तेव्हा कुठं डॉक्टरकडं गेलो. रक्तात ड जीवनसत्त्व तळाला. पांढरा रस्सा पिणाऱ्या माणसाला कसली कमतरता, हा माझा माज होता. पण कोल्हापूर साधारण १७ अक्षांशावर, हॅम्बुर्ग साडेत्रेपन्नवर. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळपास बनतच नाही, रस्सा कितीही प्या. पण नुसत्या गोळीनं मी उभा राहिलो, असंही नाही. डॉक्टरनं तीन आठवडे रजा लिहून दिली आणि त्या तीन आठवड्यांत मी बहुतेक झोपलोच.

त्या रजेचा पगार पूर्ण मिळाला. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनी देते. त्यापुढं सरकारी आरोग्यविमा असेल तर त्याच्याकडून साधारण एकूण पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. आजार कुठला, हे साहेबाला सांगावं लागत नाही. सुट्टीवर असताना आजारी पडलास आणि डॉक्टरचा कागद असला, तर ते दिवस सुट्टीतून वजाही होत नाहीत. ‘अंगचोर म्हणतील’ ही आपली भीती इथं उगीचच सोबत येते. माझ्या साहेबानं फक्त ‘बरे व्हा’ एवढंच लिहिलं.

म्हणून आल्या आल्या, धडधाकट असतानाच, एक फॅमिली डॉक्टर गाठून ठेव. नवीन पेशंट सगळेच घेत नाहीत. मनाच्या डॉक्टरसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. त्यामुळं तसं काही वाटत असेल तर कोल्हापुरातच, मराठीत बोलून ये. रडायचं असलं तर ते जर्मनमध्ये जमत नाही.

आता तुझं. वर्षभराचा थकवा ही कामाचीच गोष्ट असेल असं धरून चालू नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड, साखर, एवढं तिथं तपासून घे आणि रिपोर्ट डॉक्टरला दाखव. घोरतोस का, हे घरच्यांना विचार. तसं असेल तर तेही डॉक्टरला सांग.

आणि जॉइनिंगची तारीख मार्च-एप्रिलची मागून बघ, मागितली तर पुष्कळदा देतात. तिथला शेवटचा दिवस आणि विमान यांच्यात तीन आठवडे मोकळे ठेव. मी शुक्रवारी फाइल हातावेगळी केली, रविवारी निरोपाचं मटण खाल्लं आणि बुधवारी इथं ऑफिसात उभा होतो. तू ते तीन आठवडे रंकाळ्यावर नुसता बसून काढलेस तरी चालेल.