लीगमध्ये अव्वल, तरी बाहेर कसे?

प्रश्न : २०२४ मध्ये इंटर मायामी संघाने एमएलएसच्या (अमेरिका-कॅनडातील फुटबॉल लीग) साखळीत विक्रमी ७४ गुण मिळवले, तरी प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच मालिकेत अटलांटा युनायटेड संघाने त्यांना घरी पाठवले. असे का? आमच्या मोहल्ला लीगला ही पद्धत चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : साखळीतले गुण प्लेऑफमध्ये सोबत येत नाहीत, वरच्या क्रमांकाला मिळते ते घरचे मैदान. ही मालिका तीन सामन्यांची असते, दोन जिंकले की पुढे. मायामीने पहिला २-१ जिंकला, मग १-२ आणि २-३ असे दोन गमावले. इथे गोलांची बेरीज नसते. पहिला ४-० जिंकून पुढचे दोन ०-१ हरलात, तर बाहेरच! बरोबरी झाली की ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी. जादा वेळ पुढच्या फेऱ्यांत, आणि तिथे एकाच सामन्यात निकाल.

तुमच्याकडे तीन सामने शक्यतो नकोच. मैदान आणि पंच, दोन्ही मिळता मिळत नाहीत. एकच सामना ठेवा, पण दुपारी तीनला सुरू करा. नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेतीनला सुरू केलेला सामना मध्यंतर धरून सव्वापाचच्या पुढे जातो, आणि पेनल्टी अंधारात मारायची वेळ येते. मग भांडणे आलीच.